'कोच कार्टर': प्रेक्षकांची मतं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कोच कार्टर' येऊन वीस वर्षं उलटून गेली, तरी खेळ आणि शिक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी हा सिनेमा काढतंच. आणि एकदा काढला की दोन तट पडतात. काहींना तो अंगावर काटा आणणारा वाटतो, तर काहींना ठरलेल्या वाटेने जाणारा. त्या वादांत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या परीने दिलेली उत्तरं इथे आहेत. शेवटाबद्दलही लिहिलं आहे, त्यामुळे सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

सिनेमा आहे तरी कशाबद्दल?

कॅलिफोर्नियातल्या रिचमंड गावातली एक सरकारी शाळा. तिचा बास्केटबॉल संघ सतत हरणारा आणि आपापसात हाणामारी करणारा. त्याच शाळेचा माजी खेळाडू केन कार्टर आता गावात खेळाच्या सामानाचं दुकान चालवतो. तो कोच म्हणून येतो आणि पहिल्याच दिवशी पोरांच्या हातात एक करारपत्र ठेवतो: गुणांची सरासरी निदान २.३ ठेवायची, एकही तास बुडवायचा नाही, वर्गात पुढच्या बाकांवर बसायचं, सामन्याच्या दिवशी कोट-टाय घालून यायचं. संघ जिंकू लागतो आणि जिंकतच राहतो. मग शिक्षकांकडून प्रगतीचे कागद येतात. अर्धा संघ नापास नाहीतर गैरहजर असल्याचं कळतं आणि कोच बास्केटबॉलच्या बंदिस्त कोर्टाला साखळी घालून कुलूप ठोकतो. गुण सुधारेपर्यंत सराव बंद आणि सामनेही बंद.

दिग्दर्शक थॉमस कार्टर. केन कार्टरशी त्यांचं काही नातं नाही, आडनाव तेवढं एक. मुख्य भूमिकेत सॅम्युएल जॅक्सन. अमेरिकेत १४ जानेवारी २००५ ला प्रदर्शित झाला आणि पहिल्याच आठवड्यात तिकीटबारीवर पहिला आला. लांबी २ तास १६ मिनिटं.

गोष्ट खरी आहे का?

कणा खरा आहे. केन कार्टर ही खरी व्यक्ती आहे, रिचमंड हायस्कूल खरं आहे आणि कुलूपही खरं आहे. कार्टर यांनी १९९७ मध्ये संघ हाती घेतला आणि ४ जानेवारी १९९९ ला कोर्टाला कुलूप लावलं. तेव्हा मुख्य संघ १३ सामने खेळून अजिंक्य होता. लहान गटांचे संघ धरून एकूण ४५ खेळाडू होते, त्यातल्या १५ जणांनी करार मोडला होता. बातमी देशभर गेली. बाजूने आणि विरोधात लोक तावातावाने बोलले.

सिनेमाने काय बदललं? वेळ आवळली. आल्या आल्या पहिल्याच हंगामात सगळं घडल्यासारखं दिसतं, प्रत्यक्षात कुलूप लागलं तेव्हा कार्टर यांचा दुसरा हंगाम चालू होता. बाकीची पोरं, म्हणजे टिमो क्रूझ, केनयन स्टोन, ज्युनियर बॅटल, वर्म, जेसन लाइल, ही पटकथेसाठी रचलेली पात्रं आहेत. कार्टर यांचा मुलगा डेमियन मात्र खरा आहे. तो याच संघात खेळला आणि पुढे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला. शेवटच्या मोठ्या सामन्याची रचनाही सिनेमाची आहे, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

काही प्रेक्षक म्हणतात, "मग खरी गोष्ट कशाला म्हणता?" मला हा आक्षेप फार वजनदार वाटत नाही. ज्या कृतीमुळे ही गोष्ट सांगावीशी वाटली ती कृती खरी आहे. संघ अजिंक्य असताना एका माणसाने खेळ थांबवला, तोही नापास आणि पास दोघांचा. हे कुणी कल्पनेने लिहिलं असतं तर आपणच म्हटलं असतं, असं कोण करतं!

रिचमंड नेमकं कुठे आहे आणि तिथे एवढी निराशा का?

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या ईशान्य काठावर. बे एरियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हे नाव रोज दिसत असेल, कारण फ्रीमाँटहून उत्तरेला जाणाऱ्या बार्ट रेल्वेच्या नारिंगी मार्गाचं उत्तरेचं टोक रिचमंडच आहे. एकाच रेल्वेमार्गावरची ही गावं, पण त्यांची नशिबं वेगवेगळी.

दुसऱ्या महायुद्धात इथे कैसर कंपनीच्या गोद्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी ७४७ जहाजं बांधली. कामासाठी अमेरिकेच्या दक्षिणेकडून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं आली. १९४० मध्ये जेमतेम २४ हजार वस्तीचं गाव दहा वर्षांत लाखाच्या घरात गेलं. युद्ध संपलं, गोद्या बंद पडल्या, माणसं तिथेच राहिली आणि रोजगार गेला. उरला तो तेलशुद्धीकरण कारखाना. शाळेच्या संघाचं नावही 'ऑइलर्स'च आहे. १९९१ मध्ये तर इथल्या शालेय जिल्ह्याचंच दिवाळं वाजलं. आपल्याकडे गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावातल्या पोरांचं काय झालं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना रिचमंड वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सिनेमा हा इतिहास सांगत नाही. तो फक्त त्याचे परिणाम दाखवतो: शाळेच्या दारातला धातुशोधक, कोपऱ्यावर उभी असलेली पोरं, तुरुंगात असलेले भाऊ. मला वाटतं दोन वाक्यं गावाबद्दल असती तर बरं झालं असतं. त्याविना काही प्रेक्षकांचा समज होतो की ही पोरंच मुळात वाया गेलेली आहेत.

२.३ म्हणजे किती टक्के?

थेट टक्क्यांत बसत नाही. अमेरिकन शाळांत ए श्रेणीला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १ आणि नापासाला शून्य धरून सरासरी काढतात. म्हणजे २.३ ही सी पेक्षा किंचित वरची सरासरी. कॅलिफोर्नियात शालेय संघात खेळण्यासाठी २.० पुरते. कार्टरने अट थोडीशीच वर नेली होती, हे लक्षात ठेवा, कारण त्याच्यावर टीका करणारे त्याने डोंगर चढायला सांगितल्यासारखं बोलतात. कोच स्वतः पोरांना समजावतो की काठावरच्या सरासरीवर महाविद्यालयात जाण्यासाठी प्रवेश परीक्षेत खूप जास्त गुण लागतात, तेव्हा निदान एवढं तरी करा.

"सगळं आधीच कळतं, ठरीव साच्याचा सिनेमा आहे." हे मत बरोबर नाही का?

अर्धं बरोबर आहे. बिघडलेला संघ, कडक कोच, घाम गाळण्याची दृश्यं, मग विजयांची मालिका, सगळं ओळखीचं आहे. पहिला तासभर तरी पुढचं दृश्य कुणालाही सांगता येईल.

पण बहुतेक खेळपटांत अडथळा बाहेरचा असतो: बलाढ्य प्रतिस्पर्धी, पैशाची चणचण, एखादी दुखापत. इथे संघ जिंकतो आहे, गाव नाचतं आहे आणि अडथळा म्हणून उभा राहतो तो खुद्द कोच. पोरांच्या बाजूने दिसणारे लोक, म्हणजे पालक, शाळेचं मंडळ, गावकरी, हे त्यांच्या विरोधात काम करत आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही. साच्यातल्या सिनेमाला हे वळण परवडत नाही, कारण प्रेक्षकाला त्याच वेळी सामना पाहायचा असतो. इथे सामनेच रद्द होतात. थिएटरात बसलेल्या माणसालाही वाटतं, अरे, खेळू दे की! दिग्दर्शकाने आपल्यालाही त्या गावकऱ्यांच्या रांगेत बसवलेलं असतं.

कोच जरा जास्तच कडक नाही का? हा तर पोरांचा छळ झाला.

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि तो विचारणारे लोक हळवे किंवा नाजूक आहेत असं मला अजिबात वाटत नाही. पहिल्याच दिवशी क्रूझ अंगावर धावून येतो तेव्हा कोच त्याचा हात पिरगाळून त्याला भिंतीला दाबतो. शिक्षकाने मुलाला हात लावायचा नसतो, असं पोर म्हणतं. मी शिक्षक नाही, बास्केटबॉलचा नवा कोच आहे, असं उत्तर येतं. या उत्तरावर टाळ्या पडतात. मला ते दृश्य खटकतं. ते उत्तर चटपटीत आहे, न्याय्य नाही.

मग संघ सोडून गेलेल्या क्रूझला परत यायचं असतं तेव्हाची शिक्षा: शुक्रवारपर्यंत २,५०० पुशअप आणि १,००० सुइसाइड रन. बास्केटबॉल खेळलेल्यांना ठाऊक आहे, सुइसाइड म्हणजे टोकाच्या रेषेपासून निघून जवळच्या फ्री थ्रो रेषेला हात लावून परत, मग मध्यरेषेला, मग पलीकडच्या फ्री थ्रो रेषेला, मग पलीकडच्या टोकाला. दहा केल्या तरी पोटऱ्या बोलतात. हजार कुणालाच जमणार नाहीत, कोचलाही हे माहीत आहे.

शुक्रवार येतो. क्रूझचे आकडे अपुरे पडतात. कोच त्याला शांतपणे जायला सांगतो. तेवढ्यात लाइल पुढे येतो आणि म्हणतो, त्याच्या वाटचे पुशअप मी काढतो. मग दुसरा सांगतो, धावणं माझ्याकडे. एकेक करून सगळा संघ जमिनीवर. कॅमेरा इथे घाई करत नाही. एरवी आरडाओरडा करणारी ही पोरं गप्पपणे, आपल्याला शिव्या देऊन गेलेल्या पोरासाठी हात टेकून खाली-वर होत असतात. कोचही काही बोलत नाही.

ही शिक्षा बरोबर होती का? आजच्या कुठल्याही जाणत्या प्रशिक्षकाने ती देऊ नये. अशा अतिरेकी व्यायामाने स्नायू खरोखर निकामी होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. पण सिनेमा समजून घेताना एक फरक ध्यानात घ्यायला हवा. या कोचची कडकपणाची पद्धत आधी लिहून देण्याची आहे. करारावर पोराची सही, पालकांची सही आणि अटी सर्वांसमोर वाचलेल्या. त्याच्या रागाच्या लहरीवर काहीच अवलंबून नाही. शिवाय तो प्रत्येक पोराला 'सर' म्हणतो, आडनावाने हाक मारतो, आणि त्यांनीही एकमेकांना घाणेरड्या वांशिक शब्दाने हाक मारू नये म्हणून अडून बसतो. आपल्याकडे अनेकांना या सिनेमात 'छडी लागे छमछम' दिसतं आणि म्हणून तो आवडतो. त्यांनी पुन्हा पाहावा. छडी आणि करार यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पास झालेल्या मुलांनाही शिक्षा का? त्यांचा काय गुन्हा?

खऱ्या घटनेत ४५ पैकी ३० जणांनी करार पाळला होता. त्या तिसांचे सामनेही गेले. शिष्यवृत्ती देणारी महाविद्यालयं हंगाम चालू असतानाच खेळाडू पाहायला येतात. एखाद्या मुलाची ती एकमेव संधी असेल तर? सिनेमावरचा सर्वात गंभीर आक्षेप हाच आहे, आणि सिनेमा त्याला पुरेसा वेळ देत नाही. कोचचा स्वतःचा मुलगा अभ्यासात उत्तम आहे, त्याच्याही वाट्याला तेच कुलूप येतं. यापलीकडे पास मुलांची बाजू फारशी ऐकूच येत नाही.

माझं मत मी मांडतो. वर्गात एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना उभं करणं मला मुळीच मान्य नाही. तिथे मुलं योगायोगाने एकत्र बसलेली असतात, एकाचं दुसऱ्यावर काही देणं नसतं. संघाचं तसं नाही. पाच जण कोर्टावर असतात तेव्हा एकाने जागा सोडली की उरलेले चारही उघडे पडतात, आणि हे त्या पोरांना कुणीही शिकवावं लागत नाही. कोचने फक्त एवढंच म्हटलं की जे कोर्टाच्या रेषांच्या आत खरं आहे ते रेषांच्या बाहेरही खरं धरा. त्यानंतर काय होतं ते पाहा. पोरं वाचनालयात बसतात, शिक्षक वेळ काढून शिकवतात, पास झालेला मित्र नापास झालेल्याला गणित समजावतो. पास मुलांना मोकळं सोडलं असतं तर हे घडलं नसतं. ते खेळले असते, जिंकलेही असते, आणि नापास झालेली पोरं कोपऱ्यावर परतली असती.

तरीही ज्या एखाद्या मुलाची संधी खरोखर हुकली असेल त्याच्या दृष्टीने हे उत्तर अपुरं आहे. ते अपुरंच आहे, असं मान्य करूनच मी कोचच्या बाजूने उभा आहे.

मंडळाच्या बैठकीत पालक चुकीचे होते का?

कुलूप काढायचं की नाही हे ठरवायला शाळेचं मंडळ बसतं, तेव्हा पालक कोचच्या विरोधात बोलतात. ते दुष्ट नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं: या पोरांजवळ बास्केटबॉलशिवाय दुसरं आहे काय? तेही काढून घेणार? मुख्याध्यापिका गॅरिसनबाईही आधी हेच म्हणतात. यातल्या काही मुलांच्या आयुष्यातला हाच सर्वोत्तम काळ ठरेल, असं त्या सुचवतात. त्यावर कोच म्हणतो, मग अडचण इथेच आहे, तुम्हाला नाही का वाटत?

सिनेमाचं मर्म मला इथे सापडतं. सतरा वर्षांच्या मुलाचं सर्वोत्तम मागे पडलं आहे, पुढे उतारच, असं त्याच्या घरच्यांनी, शाळेने आणि गावाने मनातल्या मनात ठरवून टाकलेलं असतं. ते त्याच्यावर प्रेम करतात म्हणून त्याला खेळू द्या म्हणतात. डेनिस डाउस यांनी ही मुख्याध्यापिका फार समजुतीने उभी केली आहे. वर्षानुवर्षं मुलं गळताना पाहून थकलेली बाई, आणि तरीही शेवटी मन बदलण्याइतकी जागी.

मंडळ कुलूप काढायचा निर्णय देतं. कोच राजीनामा द्यायला, सामान आवरायला शाळेत येतो, तर पोरांनी कोर्टावर बाकं मांडलेली आहेत आणि ती वह्या उघडून बसली आहेत. साखळी तोडता येईल, पण आम्हाला खेळायला लावता येणार नाही, असं लाइल सांगतो. अनेकांना हे दृश्य नाटकी वाटतं. मलाही बाकांची ती सरळ रांग जरा जास्त नीटनेटकी वाटली. पण पोरांनी बंड केलं ते अभ्यासासाठी, हे इतकं अनपेक्षित आहे की डोळे भरून येतातच.

म्हणजे "आधी अभ्यास, मग खेळ" हाच संदेश ना? आमच्या मुलाला दाखवायचा आहे.

दाखवा, पण या कारणासाठी दाखवू नका. मराठी घरांत हा सिनेमा अनेकदा "बघ, एवढा मोठा कोचसुद्धा अभ्यासच कर म्हणतो" अशा सुरात वापरला जातो. खेळून काय पोट भरणार आहे, या जुन्या वाक्याला इंग्रजी सिनेमाचा आधार सापडल्याचा आनंद त्यात असतो.

कार्टर असं काहीच म्हणत नाही. तो जिंकण्यासाठी जीव टाकतो. आपल्या बहिणींच्या स्वभावावरून तो डावपेचांना नावं देतो, प्रतिस्पर्ध्याच्या नाकासमोर सतत उभं राहण्याचा जो बचाव आहे त्याचं नाव 'डायन'. संघाला तो सगळ्यांपेक्षा जास्त पळवतो, कारण संपूर्ण कोर्टभर दबाव टाकून समोरच्याला दमवायचं आहे. खेळ हा त्याच्यासाठी वेळेचा अपव्यय नाही. खेळाच्या ओढीनेच ही पोरं शाळेच्या दारात येतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर कुलपाची ताकद आहे. ज्या घरात मुलाच्या खेळाला किंमतच नाही, त्या घरात खेळ बंद करण्याची धमकी म्हणजे नुसती शिक्षा.

आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. या सवलती योग्यच आहेत, सरावात गेलेल्या वेळेची ती भरपाई आहे. पण आपली व्यवस्था खेळाबद्दल गुण देते आणि कार्टर खेळण्यासाठी गुण मागतो. दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या बाबतीत का होऊ नयेत, याचा विचार आपल्या क्रीडाशिक्षकांनी जरूर करावा.

हाही गरिबांचा उद्धार करायला बाहेरून आलेला नायकच ना?

नाही, आणि हा त्याचा मोठा गुण आहे. हॉलीवूडमध्ये गोरा शिक्षक गरीब वस्तीत येऊन मुलांना सुधारतो अशा गोष्टींची रांगच आहे. कार्टर त्याच शाळेत शिकला, त्याच कोर्टावर खेळला, त्याचं दुकान त्याच गावात आहे. रागावलेले लोक त्याच्या गाडीच्या काचेवर थुंकतात ते याच गावातले. तो संध्याकाळी दुसऱ्या गावी निघून जाऊ शकत नाही.

दिग्दर्शकाचा भूतकाळही इथे बोलतो. थॉमस कार्टर तरुणपणी 'द व्हाइट शॅडो' या १९७८ ते १९८१ च्या दूरचित्रवाणी मालिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलाचं काम करत. लॉस एंजेलिसमधल्या गरीब वस्तीतली शाळा आणि तिथे आलेला गोरा कोच, अशी ती मालिका होती. त्या संघातलं पोर म्हणून उभा राहिलेला माणूस पुढे दिग्दर्शक झाला आणि त्याने ही गोष्ट सांगितली.

सॅम्युएल जॅक्सनचं काम खरंच एवढं चांगलं आहे?

हो. मोठ्या आवाजातली वाक्यं सगळ्यांना आठवतात. मला ते गप्प असतानाचं काम जास्त आवडतं: प्रगतीचे कागद वाचताना एकेका पानागणिक उतरत जाणारा चेहरा. पोरांमध्ये रिक गोन्झालेसचा क्रूझ सर्वात जिवंत आहे. चॅनिंग टेटमचं हे सिनेमातलं पदार्पण. ज्युनियरच्या आईच्या छोट्या भूमिकेत ऑक्टेव्हिया स्पेन्सर आहेत, त्यांना पुढे ऑस्कर मिळालं.

कायरा आणि केनयनचं प्रकरण हवंच होतं का?

प्रेक्षकांची तक्रार रास्त आहे. केनयनची मैत्रीण कायरा गरोदर आहे, मूल ठेवायचं की नाही हा प्रश्न आहे. गायिका अशांती हिने काम प्रामाणिकपणे केलं आहे. पण सगळं केनयनच्या शिष्यवृत्तीच्या अंगाने सांगितलं जातं, आणि कायरा एकटीनेच गर्भपाताचा निर्णय घेते ते आपल्याला नंतर संवादातून कळतं. तिच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस पडद्याआड गेला. तो दाखवला असता, तर गावातल्या मुलींचं काय होतं हेही सिनेमाने सांगितलं असतं. आहे तसं ते प्रकरण लांबी वाढवतं.

"तुझी सर्वात खोल भीती कोणती?" त्याचं उत्तर नेल्सन मंडेलांचं आहे ना?

नाही. कोच क्रूझला हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, शेवटी क्रूझ उभा राहून उत्तर देतो: आपण कमी पडू याची भीती नसते, आपल्यात अफाट बळ आहे याचीच भीती असते, अशा आशयाचं. हा उतारा अमेरिकन लेखिका मॅरिअन विल्यमसन यांच्या १९९२ च्या पुस्तकातला आहे. मंडेलांनी १९९४ च्या शपथविधीच्या भाषणात तो म्हटला, असा समज सगळीकडे पसरला, पण त्या भाषणात तो नाही. फलकावर लिहिणार असाल तर लेखिकेचं नाव लिहा.

शेवटी ते हरतात. मग एवढं सगळं करून काय मिळालं?

सिनेमात संघ राज्य स्पर्धेत पोचतो आणि सेंट फ्रान्सिस शाळेकडून अगदी शेवटच्या क्षणी हरतो. प्रत्यक्षात मजल तेवढीही गेली नव्हती, जिल्हा पातळीवरच्या बाद फेरीत संघ थांबला. पटकथाकारांना विजय लिहिणं सहज शक्य होतं. त्यांनी तो लिहिला नाही हे मला फार मोलाचं वाटतं, कारण जिंकले असते तर कुलूप हे जिंकण्याची युक्ती ठरलं असतं. हरल्यानंतर पडद्यावर कोण कोणत्या महाविद्यालयात गेलं ते उमटतं. आपण गुणफलक विसरून ते वाचत राहतो.

बास्केटबॉल खरा वाटतो का?

बराचसा. पळण्याची आणि बचावाची दृश्यं चांगली, मात्र डंक, म्हणजे उंच उडी मारून चेंडू थेट कड्यात ठोकणं, जरा जास्तच पडतात. शाळेचा खरा सामना आठ-आठ मिनिटांच्या चार भागांचा असतो आणि त्यात बरंचसं काम संथ असतं. ज्यांनी मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर संध्याकाळचा सराव पाहिला आहे, दाट वस्तीच्या मध्यभागी खेळणारी ती पोरं पाहिली आहेत, त्यांना सिनेमातली कोर्टावरची बोलाचाली आणि खुन्नस लगेच ओळखू येईल.

कितव्या वर्षापासून दाखवावा?

अमेरिकेत तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र आहे. शिव्या आहेत, शरीरसंबंधांचे उल्लेख आहेत, क्रूझच्या चुलतभावाचा रस्त्यावर गोळी लागून मृत्यू होतो ते दृश्य तीव्र आहे. आठवीपासून पुढच्या मुलांबरोबर बसून पाहावा आणि गर्भपाताचा विषय आला की पुढे ढकलू नये, बोलावं.

'झुंड' आवडला असेल तर हा आवडेल का?

आवडेल, पण दोन्हींचा पिंड वेगळा आहे. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' नागपूरच्या विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर आधारलेला आहे. तिथे पोरांना मैदानाच्या भिंतीआड यायलाच मज्जाव आहे, भिंत ओलांडणं हीच लढाई. रिचमंडच्या पोरांना मैदान मिळालेलं आहे आणि सगळे त्यांना तिथेच ठेवू पाहतात.

यानंतर काय पाहावं?

'हूप ड्रीम्स', १९९४ चा माहितीपट. 'कोच कार्टर' ज्यांना फार गोड वाटला त्यांनी तर पाहावाच. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स. शिकागोतली दोन मुलं, विल्यम गेट्स आणि आर्थर एगी, यांच्यामागे कॅमेरा वर्षानुवर्षं फिरला. दोघांनाही बास्केटबॉलसाठी उपनगरातल्या एकाच खासगी शाळेने घेतलं. आर्थरचा खेळ अपेक्षेइतका फुलला नाही, फी थकली आणि त्याला वर्षाच्या मध्येच शाळा सोडावी लागली. विल्यमच्या फीची सोय झाली, पण त्याचा गुडघा गेला. जवळपास तीन तासांचा आहे, सलग वेळ काढून बसा. आर्थरची आई परिचारिकेच्या मदतनिसाचा अभ्यासक्रम पूर्ण करते आणि वर्गात पहिली आल्याचं तिला सांगतात, ते दृश्य चुकवू नका.